ताईचं डल्सिमर आणि आईची अंगाई

माझी मावसबहीण, आम्ही तिला ताईच म्हणतो, बरीच वर्षं झाली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाला राहते. तिथे शेजारच्या एका आजींकडून ती माउंटन डल्सिमर शिकली आणि या डिसेंबरात नागपूरला आली तर सामान कमी अन् वाद्यच जास्त. एक चांगलं लाकडी डल्सिमर, तारांची पाकिटं आणि पडद्यांसाठी (सुरांच्या जागी पट्टीवर आडवे बसवतात ते) लागते ती पितळी तारेची गुंडाळी. आल्या आल्या म्हणाली, कॉलनीच्या हॉलमध्ये एक कार्यक्रम करू आणि मग ज्यांना शिकायचं त्यांना शिकवते, फी वगैरे काही नाही.

आधी थोडं वाद्याबद्दल, कारण हॉलमध्ये पहिला प्रश्न हाच आला की "काहून गं, संतूर आहे का हे?" नाही. काड्यांनी वाजवतात ते हॅमर्ड डल्सिमर, ते संतूरच्या नात्यातलं. हे वेगळं, नुसतं नाव सारखं. हे साधारण तीन फूट लांब, मधे कमरेसारखं निमुळतं, मांडीवर आडवं ठेवायचं, तीन किंवा चार तारा. अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगरांत स्कॉटलंड-आयर्लंडकडून येऊन वसलेल्या लोकांच्या घरांत ते एकोणिसाव्या शतकात रुळलं, आणि जर्मन लोकांचं शाइटहोल्ट म्हणून जे वाद्य होतं ते याचं जुनं नातलग. केंटकीच्या व्हायपर गावातल्या लोकगायिका जीन रिची (१९२२–२०१५), १४ भावंडांत सगळ्यात धाकट्या, त्या न्यूयॉर्कला गेल्या आणि घरातलं हे वाद्य त्यांच्यामुळे बाहेरच्या जगाला कळलं. ताईने हे सगळं सांगितलं तेव्हा मला एकच गोष्ट लागली, की हे वाद्य मुळात स्टेजचं नाहीच, घरातल्या घरात, चुलीजवळ बसून वाजवायचं आहे.

आणि ते त्याच संध्याकाळी सगळ्यांना दिसलंसुद्धा. शनिवारचा कार्यक्रम, साठेक लोक, खुर्च्या मांडलेल्या, माइक लावलेला, आणि बाजूच्या लॉनवर लग्नाचा डीजे सुरू झाला. डल्सिमरचा आवाज बारीक, माइकमध्ये तो आणखीच पातळ होऊन राहिला होता. दोन गाणी झाल्यावर ताई उठली, माइक बंद केला, खाली सतरंजीवर येऊन बसली आणि म्हणाली, या सगळे जवळ. लोकं खरंच खुर्च्या सोडून भोवती बसले, काकू लोक पुढे, पोरं त्यांच्या मांडीत, आणि मग इतकं छान ऐकू आलं, खालचा सा आणि पंचम सतत घुमत असतो तंबोऱ्यासारखा आणि त्यावर एका तारेवर चाल पुढे सरकत जाते. डावीकडे बोटाऐवजी बांबूची छोटी काडी, तिला नोटर म्हणतात, ती तारेवर सरकवली की एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना हलकी मींड येते. कार्यक्रम चाळीस मिनिटांत संपला पण लोक साडेनऊपर्यंत हलले नाहीत.

खरी मजा मात्र पुढच्या तीन रविवारच्या वर्कशॉपची. शिकायला चौदा जण आणि वाद्य एकच! तर ताईने पुठ्ठ्याची डल्सिमरं बनवायची ठरवली, तिकडेही शाळांमधून असंच करतात म्हणे. आमच्या सुतारदादांनी सागवानाच्या पट्ट्या कापून दिल्या, खालचा डबा जाड पुठ्ठ्याचा, फेविकॉलने चिकटवलेला. पडदे कुठे ठोकायचे ते मोजणं मला फार आवडलं, तारेची लांबी २७ इंच धरली तर बरोबर अर्ध्यावर, साडेतेरा इंचावर, मोकळ्या तारेचाच सूर वरच्या सप्तकात येतो आणि एक तृतीयांशावर, ९ इंचाच्या आसपास, मोकळ्या तारेचा पंचम. सातवी-आठवीची पोरं पट्टी घेऊन हे मोजत होती. तारा तुटल्या तेव्हा सीताबर्डीवरून गिटारच्या आणल्या, टोकाची गोळी ठोकून काढली की तिथे फास उरतो, तो खिळ्यात अडकतो, झालं काम. वाद्य मांडीवरून घसरतं म्हणून किचनच्या ड्रॉवरमध्ये टाकतात ती रबरी जाळी खाली घ्यायची.

आता आईबद्दल. आई आम्हाला लहानपणी गाऊन झोपवायची. मग कधीतरी भजनात कुणीतरी तिला सगळ्यांसमोर बेसूर म्हटलं आणि तिने गाणंच सोडलं, घरातसुद्धा. वर्कशॉपला ती फक्त चहा द्यायला आली होती. ताईने तिच्या मांडीवर पुठ्ठ्याचं डल्सिमर ठेवलं आणि हातात काडी दिली, म्हणाली मावशी, यावर पेटीसारखे सगळे बारा सूर नाहीयेत, थाटातले, म्हणजे एका ठरावीक संचातले, सात सूरच आहेत, काडी कुठेही ठेव. आईने ठेवली. वीस मिनिटांनी ती काहीतरी शोधत होती, तेच तेच तीन सूर, आणि मला एकदम कळलं की ही आपली अंगाई आहे.

पण गंधारावर येऊन अडली. चालीला कोमल, म्हणजे अर्धा सूर उतरलेला, गंधार पाहिजे आणि पट्टीवर तो नाहीच, कारण तारा लावल्या होत्या सा, प, प अशा, म्हणजे चालीच्या तारेवर सा तिसऱ्या पडद्यावर आणि सगळा बिलावल थाट, सगळे सूर शुद्ध. आई म्हणाली, जाऊ दे गं, माझंच चुकत असेल. ताई म्हणाली, तुझं अजिबात चुकत नाहीये, आणि तिने फक्त चालीची तार एक अख्खा सूर खाली उतरवली, पंचमावरून मध्यमावर. आता सा चौथ्या पडद्यावर गेला आणि तेच पडदे काफी थाट झाले, गंधार कोमल, निषाद कोमल. पेटी वाजवणारे आमचे काका मागून ओरडलेच, "अरे ही तर मूर्च्छना आहे!" म्हणजे सुरांची रांग तीच, फक्त सा दुसऱ्या जागी न्यायचा. आईने चाल पहिल्यापासून वाजवली, पूर्ण, आणि दुसऱ्या वेळी हळू आवाजात म्हटलीसुद्धा. मी चहाचा ट्रे धरून तिथेच उभी होते. रडले, लपवण्यासारखं काही नाही त्यात.

ताई जानेवारीत परत गेली. हॉल रविवारी सकाळी नऊ ते अकरा आमच्यासाठीच ठेवलाय. सुतारदादांना आणखी सहा पट्ट्या सांगितल्यात, आणि तार उतरवायचं काम आता आई करते, सगळ्यांच्या वाद्यांचं, कान लावून.