सीटी नॉर्मल, तरी शंट बंद
मेंदूत साठणारं पाणी पोटात उतरवायला शंट बसवलेल्या मुलांबाबत आज ओपीडीत पुन्हा तोच प्रश्न: "सीटी तसाच आहे, म्हणजे शंट ठीक ना?" स्पायना बिफिडाच्या (जन्मतः पाठीचा कणा नीट न मिटलेल्या) मुलांत एवढ्यावर निर्धास्त राहू नये. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांच्या भिंती ताठ झाल्या असतील, तर दाब वाढूनही त्यांचा आकार बदलत नाही.

मेंदूतली नळी, कातडीखालचा व्हॉल्व्ह आणि पोटात उतरणारी नळी, एवढाच हा शंट. वरचं टोक बहुधा कोरॉइड प्लेक्सस (पोकळीतला, हे पाणी तयार करणारा ऊतीचा गुच्छ) अडकून तुंबतं. खालची नळी मूल वाढतं तशी अपुरी पडते, कधी मानेत तुटते. जंतुसंसर्ग झालाच तर बहुधा पहिल्या ६ महिन्यांत.

डोकेदुखी-उलटीची वाट पाहू नका. कियारी-२ मुळे (मेंदूचा मागचा, खालचा भाग मानेत उतरल्यामुळे) श्वास घेताना घरघर, गिळताना ठसका, पाय आणखी लुळे पडणं, लघवीचं तंत्र बिघडणं, पाठीचा बाक वाढणं, यांमागेही बंद पडलेला शंट असू शकतो. आधी तोच तपासायचा.

शंट टाळायचा तर दुर्बिणीतून मेंदूतल्या तिसऱ्या पोकळीच्या तळाला छिद्र पाडून पाण्याला दुसरी वाट देतात. मेंदूचे शल्यविशारद बेंजामिन वॉर्फ यांनी युगांडातल्या म्बालेत त्याला कोरॉइड प्लेक्सस जाळण्याची जोड दिली. पण छिद्रही बुजतं, त्यामुळे डोक्याचा घेर मोजणं सुटत नाही.

आणि हो, फाइलवर ठळक लिहून ठेवा: लेटेक्सचे हातमोजे नकोत. या मुलांना त्याची ॲलर्जी फार.