स्प्लेंडरला दुसरा सायरन

आमच्या बिल्डिंगमधून गेल्या पावसाळ्यात एक बाईक चोरीला गेली आणि तिला चांगला रिमोटवाला अलार्म होता. वाजला पण म्हणे. ज्यांनी ऐकला त्यांनी कूस बदलली, मांजर चढलं असेल सीटवर, आणि ज्याची गाडी तो मागच्या विंगला चौथ्या मजल्यावर पंखा फुल करून झोपलेला. थोड्या वेळाने आवाज बंद. सकाळी पार्किंगमध्ये तो काळा भोंगा तेवढा पडलेला, मागे बोटभर लाल-काळी वायर, गाडी गायब.

माझ्या गाडीला पण असलंच किट आहे. सीटखाली एक कंट्रोलची डबी, रिमोट, शॉक सेन्सर (गाडीला धक्का लागला की ओळखणारा) आणि पुढे हेडलाईटच्या मागे झिप टायने बांधलेला सायरन, म्हणजे हात घातला की हातात येतो. चोराला हँडल लॉक तोडायला जेवढा वेळ लागतो त्याच्यापेक्षा कमी वेळात हा सायरन गप्प होतो. डबी शाबूत, सेन्सर शाबूत, पण ओरडणारं तोंडच बंद. म्हणून ठरवलं की पुढचा सायरन राहू दे तिथेच, त्याला कापायचं तर खुशाल कापू दे, पण दुसरा एक आत लपलेला हवा आणि तो स्वतःच्या बॅटरीवर चालणारा हवा.

बरेच जण काय करतात, अलार्मची वायर सरळ हॉर्नला जोडतात. फुकटात काम. पण पुण्यात हॉर्न ऐकून मान वळवणारा माणूस मला दाखवा. आणि हॉर्न तर समोर उघड्यावरच असतो. डिस्क लॉक लाव असं पण एकाने सुचवलं, आता माझ्या गाडीला पुढे ड्रम ब्रेक, लॉक लावायला आधी डिस्क तर पाहिजे ना.

तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारात गेलो. दुकानदार म्हणाला, साहेब एकशे पंचवीस डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) आहे, कान फाटतील. म्हटलं दादा किती अंतरावर मोजलाय? तर म्हणे डब्यावर लिहिलंय ना. तर हे डब्यावरचे आकडे असे असतात. डीबी कुठून मोजला ते सांगितलं नाही तर आकड्याला अर्थ नाही, एक फुटावरून मोजला की एक मीटरवरून मोजल्यापेक्षा दहाएक डीबी फुकटात वाढतात. आणि मोकळ्यात अंतर दुप्पट झालं की ६ डीबी कमी होतात, म्हणजे एक मीटरवर ११० असेल तर १६ मीटरवर ८६ च्या आसपास, त्यात भिंत, खिडकी, पंखा, घोरणं धरा. म्हणून आकड्यामागे न लागता बॅटरीवाला घेतला. मुठीएवढा, बाजूला छोटी किल्ली. याला कायमचा प्लस, अर्थ (म्हणजे मायनस) आणि एक ट्रिगर, म्हणजे वाजायचा इशारा देणारी वायर. कायमचा प्लस तुटला की हा आतल्या सेलवर आपोआप बोंबलतो, म्हणजे वायर कापणं हाच याच्यासाठी ट्रिगर.

सहा सुरांचा, ॲम्ब्युलन्ससारखा आवाज करणारा पण होता, तो मुद्दाम नाही घेतला. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला ११९ नंबरचा नियम वेगवेगळ्या सुरांचे हॉर्न आणि कर्कश, घाबरवणारे आवाज करणारी उपकरणं चालत नाहीत असं म्हणतो, सूट फक्त ॲम्ब्युलन्स, फायर ब्रिगेड, पोलीस वगैरेंना. सिग्नलला पोलीसमामांशी हुज्जत घालायची हौस नाही मला. एकसुरी घेतला, आणि काही सेकंदांनी आपोआप बंद होणारा. (इन्शुरन्समध्ये सूट मिळते का असं कोणी विचारायच्या आत सांगतो, ती एआरएआय (गाड्या आणि त्यांचे पार्ट तपासणारी संस्था) मान्यतेच्या वस्तूला असते. एआरएआय आपल्याच वेताळ टेकडीवर आहे, पण तपकीर गल्लीतला माल तिथपर्यंत चढून जात नाही.)

आता जोडणीचं, इथे नीट लक्ष द्या. आधी बघायचं की किटच्या डबीतून सायरनला नक्की काय जातंय. किटचा जुना सायरन सोडवून बॅटरीला सरळ लावा. बोंबलला तर आवाज सायरनमध्येच तयार होतो आणि डबी फक्त १२ व्होल्ट देते, मग सगळं सोपं. नुसता टक्क आवाज आला तर तो निव्वळ स्पीकर आहे, सूर डबी तयार करते, आणि त्या वायरीवर रिले (छोट्या करंटवर चालू-बंद होणारा स्विच) लावला तर तो नुसता थरथरत बसेल. तसं किट असेल तर ते बदला, जुगाड करत बसू नका.

माझं पहिल्या जातीचं निघालं. मग साधा चार पायांचा रिले घेतला, पायांचे नंबर त्याच्यावरच लिहिलेले असतात. ८६ ला डबीतून येणारी सायरनची प्लस, ८५ अर्थला, ३० ला बॅटरीवरून फ्यूज लावून प्लस, ८७ वरून नव्या सायरनचा ट्रिगर. नव्या सायरनची कायमची प्लस बॅटरीवरून वेगळी, तिला पण फ्यूज, आणि तो बॅटरीच्या अगदी जवळ, कारण फ्यूजच्या आधी वायर घासून शॉर्ट झाली तर फ्यूजचा काय उपयोग. ८५ आणि ८६ च्या मधे १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा), पांढरी पट्टी ८६ कडे. रिले बंद होताना कॉइल उलटा झटका मारते, तो डबीतल्या ट्रान्झिस्टरला जाळू शकतो, रुपया-दोन रुपयांचा डायोड वाचवायला जाऊ नका. वायरी पिळून वर टेप असलं काम पहिल्या पावसात हिरवं पडतं. सोल्डर आणि वर श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी), लायटरने हळूहळू फिरवत तापवायची, एका जागी धरली की काळी होते.

जागा शोधण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. सीट काढल्याशिवाय हात पोचणार नाही अशी जागा पाहिजे, पण आवाज बाहेर पडायला फट पण पाहिजे, आणि भोंग्याचं तोंड खाली पाहिजे नाहीतर पाणी साठून पडदा बसतो. शेवटी मागच्या पॅनलच्या आत, मडगार्डच्या वर जेमतेम बसवला. आवाज थोडा दबतो, पण आता चोराला तो कुठून येतोय हेच पटकन कळत नाही, आणि मला तर हे जास्त डीबीपेक्षा भारी वाटतं.

करंटचा हिशोब पण बघा. मल्टीमीटर आधी १० ॲम्पवर ठेवून बॅटरीच्या मायनसमधे सिरीजला लावला, अलार्म आर्म (म्हणजे चालू) करून रेंज कमी केली, तर अलार्म ५ मिलीअँपच्या आसपास खातोय. दिवसाला १२० मिलीअँप-तास. स्प्लेंडरची बॅटरी आहे ३ अँपिअर-तासाची, म्हणजे गाडी नुसती उभी राहिली तर कागदावर २५ दिवसांत सपाट, सेल्फ त्याच्या खूप आधीच कुरकुरायला लागणार. बुलेटवाल्यांची बॅटरी मोठी, त्यांना एवढा फरक पडत नाही. गणपतीत कोकणात गेलो की माझी गाडी तशीच उभी असते, किक आहे म्हणून निभावतं.

आणि खरी डोकेदुखी वेगळीच, खोटे अलार्म. शेजारून कचऱ्याची गाडी गेली की वाजला, लक्ष्मीपूजनाच्या रात्री तर विचारू नका, सुतळी बॉम्बला प्रत्येक वेळी साथ देत होता. लांडगा आला रे आला झालं की मग कोणी खिडकीत पण येत नाही, आणि सायरनचा सगळा धंदा खिडकीत कोणीतरी येण्यावरच चालतो. सेन्सरच्या डबीवर बारीक स्क्रू असतो, तो अशा बेताने कमी केला की सीटवर थाप मारली तर गप्प, पण स्टँडवरून गाडी हलवली की ओरडला पाहिजे. दिवाळीचे चार दिवस सेन्सर बंद ठेवून साखळी लावतो सरळ.

रात्री उशिरा लॉक करताना दोन्ही सायरन टुक्क करतात, त्यासाठी रिमोटवर म्यूटचं बटण असतं ते वापरा, वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मला एकदा जिन्यात गाठून व्यवस्थित समजावलंय. सर्व्हिसिंगला देताना सायरनची किल्ली फिरवून तो बंद करून द्या किंवा मेकॅनिकला आधी सांगा, नाहीतर त्याने बॅटरीचं टर्मिनल काढलं की अख्खं गॅरेज गोळा. आणि रिमोटमधला सेल बहुतेक २७ए असतो, १२ व्होल्टचा, प्रत्येक दुकानात मिळत नाही, एक जास्तीचा आणून घरात ठेवा, गाडीच्या डिकीत नको.