सुळ्याशेजारचा दात

नवऱ्याची बदली जोहान्सबर्गला झाली, पण माझ्या व्हिसावर पगाराची नोकरी करता येत नव्हती. नागपुरात भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं खरं. त्यानंतरची सोळा वर्षं मात्र बँकेच्या काउंटरमागे गेली. घरात बसून जीव आंबायला लागला तेव्हा जीवाश्म साफ करणाऱ्या एका प्रयोगशाळेत गेले आणि सरळ म्हटलं, फुकट काम करते, शिकवा. त्यांनी इतक्या चटकन हो म्हटलं, की मलाच शंका आली. इथे टिकणारी माणसं कमी, हे नंतर कळलं.

पहिले दोन महिने फक्त लिस्ट्रोसॉरसच्या फासळ्या. दक्षिण आफ्रिकेतल्या कारू भागाच्या खडकांत हा प्राणी इतका सापडतो, की नवशिक्याच्या हातून एखादी फासळी बिघडली तरी कुणी रडत नाही. हत्यार म्हणजे एअर स्क्राइब: जाड पेनासारखं, हवेच्या दाबावर चालणारं, पुढे कठीण धातूची सुई. ती मिनिटाला हजारो वेळा थरथरते आणि दगडाचे कण उडवते. तोंडाला मास्क, कानात बोळे, डोळे मायक्रोस्कोपला. आम्हाला शिकवणारे गृहस्थ तीस वर्षं हेच काम करत होते. सगळे त्यांना आदराने ‘न्टाटे’ म्हणत. सोथो भाषेत म्हणजे बाबा. ते म्हणाले, कानातले बोळे जरा सैल ठेव, दगड कुठे संपतो ते आधी ऐकू येतं. मला थट्टा वाटली. पण खरंच, सुई हाडाजवळ आली की आवाज थोडा चढतो. तो फरक माझ्या कानाला कळायला पाच आठवडे लागले.

मग एका सकाळी वाळूच्या पिशवीवर ठेवलेला, कलिंगडाएवढा हिरवट-राखाडी दगड माझ्यासमोर आला. एका बाजूने नाकाडाचं टोक तेवढं दिसत होतं. गोर्गोनॉप्सियन.

आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, “अगं, डायनासोर सापडला म्हणे तुला!” हा गैरसमज निस्तरण्यात माझे बरेच रविवार गेले. गोर्गोनॉप्सियन पर्मियन काळातले, त्या काळाच्या शेवटी झालेल्या महाविनाशात, सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी, संपले. डायनासोर त्यानंतर दोनेक कोटी वर्षांनी आले. आणि नातं म्हणाल तर ते आपल्याशी. डायनासोरच्या कवटीत डोळ्यामागे प्रत्येक बाजूला दोन खिडक्या असतात. याच्या कवटीत एकच, जशी आपल्या पूर्वजांच्या कवटीत होती. आपला थेट पूर्वज नव्हे, चुलत घराणं. त्या काळचे हे मोठे शिकारी, काही कुत्र्याएवढे, तर रशियातला इनोस्ट्रान्सेविया तीन मीटरपर्यंत लांब. त्याच इनोस्ट्रान्सेवियाची एक जात दक्षिण आफ्रिकेतही होती, हे २०२३मध्ये जाहीर झालं.

गोर्गोनॉप्स हे नाव १८७६मध्ये इंग्रज जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी दिलं, ग्रीक पुराणातल्या भयंकर गोर्गनवरून. याच ओवेननी त्याआधी आमच्या नागपूरच्या दक्षिणेकडच्या मांगलीतून गेलेल्या एका उभयचराच्या कवटीला ब्रॅकिऑप्स म्हटलं होतं. हे वाचलं त्या दिवशी मला उगाचच बरं वाटलं, माहेरचं कुणी भेटल्यासारखं. तसं पाहिलं तर कामठीच्या वालुकाश्मात ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाची जी पानं आम्ही सहलीत शोधली, तीच पानं कारूतही सापडतात. तेव्हा सगळी जमीन एकच होती. आणि गोदावरीच्या खोऱ्यात, तेलंगणातल्या कुंडारामच्या थरांतही गोर्गोनॉप्सियनचे अवशेष मिळाले आहेत. म्हणजे सिरोंच्याहून फार लांब नाही.

असो. काम कसं चाललं ते सांगते.

दिवसाला नखाएवढा भाग. चांगला दिवस असेल तर दोन नखं. हाड उघडं पडलं की लगेच पॅरालॉइडचा थेंब. ॲसिटोनमध्ये विरघळवलेला हा पातळ डिंक भेगांत शिरून हाड धरून ठेवतो, आणि उद्या वाटलं तर ॲसिटोननेच काढताही येतो. सुपरग्लू मात्र न्टाटेंच्या राज्यात कुलपात. “जे परत काढता येत नाही ते लावायचं नाही,” एवढंच त्यांचं शास्त्र. दुपारपर्यंत बोटं बधिर व्हायची, पोळ्या लाटताना लाटणं हातात जाणवायचं नाही.

चौथ्या महिन्यात उजवा सुळा मोकळा झाला. माझ्या करंगळीहून लांब, आणि मागच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते. मी आनंदाने सगळ्यांना बोलावलं. न्टाटेंनी नुसतं विचारलं, “शेजारी पाहिलंस?” या प्राण्यांना प्रत्येक सुळ्यासाठी दोन खाचा असतात. एका खाचेतला दात वापरात असताना शेजारच्या खाचेत पुढचा तयार होत असतो, आणि ही पाळी आलटून पालटून चालते. आपल्याला जन्मात दोनदाच दात येतात, यांना मात्र पुन्हा पुन्हा. मागच्या खाचेत खरंच एक टोक डोकावत होतं, तांदळाच्या दाण्याएवढं.

ते टोक मी तोडलं.

चहानंतरची घाई, दुसरं काही नाही. आवाज चढला होता, मी ऐकला, आणि तरी सुई आणखी अर्धा क्षण चालू ठेवली. कण टिचकीसारखा उडाला. दिवसभर टेबल, जमीन, एप्रनची घडी, धुळीचा डबा, सगळं ओल्या ब्रशने आणि चाळणीने चाळलं. दुसऱ्या दिवशीही. कुणी रागावलं नाही, त्यामुळे जास्त लाज वाटली. १९९९च्या कायद्याने या देशातला प्रत्येक जीवाश्म सरकारी मालमत्ता. बँकेत रोकड कमी भरली तर काय वाटतं तसंच वाटलं, फक्त इथे खिशातून भरून देण्याची सोय नव्हती.

त्यानंतर आठवडाभर मला मुद्दाम कवटीवरची कठीण, लालसर पपडी दिली, जिथे बिघडवायला काही नव्हतं.

लोकांना सुळ्यांचं अप्रूप, पण खरा कस लागला तो खालच्या जबड्याच्या मागच्या टोकाला. तिथे बाहेरच्या अंगाला हाडाचं एक पातळ पान असतं, वाळलेल्या पापडासारखं, त्याच्यावर बारीक कंगोरे. जबडा आणि या पानामधल्या फटीत दगड गच्च भरलेला. एअर स्क्राइब बंद, फक्त हाताने सुई, नऊ आठवडे. आपल्या पूर्वजांच्या घराण्यात पुढच्या कोट्यवधी वर्षांत हेच पान आकसत गेलं आणि आपल्या कानाचा पडदा ज्या कड्यावर ताणलेला असतो ते कडं झालं. जबड्याच्या सांध्यातली दोन हाडंही कानात सरकली. शाळेत पाठ केलेले हातोडा आणि ऐरण ते हेच. याच कानांनी मी इतके महिने दगड कुठे संपतो ते ऐकत होते.

अकराव्या महिन्यात टाळू मोकळी झाली. जात ओळखायला टाळूवरचे बारीक दात आणि कवटीच्या छतावरचे सांधे बघावे लागतात. शिवाय पिल्लं आणि प्रौढांच्या कवट्या इतक्या वेगळ्या दिसतात, की जुन्या अभ्यासकांनी एकाच जातीला चार-चार नावं देऊन ठेवली आहेत. तो निवाडा माझ्या हातात नाही. कवटी खोक्यात गेली. चिठ्ठीवर ‘गोर्गोनॉप्सिया, जात अनिश्चित’. नोंदवहीत सफाईच्या रकान्यात माझं आडनाव, आणि शेरा माझ्याच अक्षरात: ‘उजवा वरचा सुळा, मागच्या खाचेतल्या दाताचं टोक सफाईत तुटलं. कण सापडला नाही.’