तुम्ही विचारलंत म्हणून : एवढी वर्षं झाली, अजून एबीएम, म्हणजे एरिया बिझनेस मॅनेजर, का नाही?

लग्नात भेटलात की विचारता, दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलात की विचारता. "अजून बॅगच? मॅनेजर नाही झालात?" नवीन पोरं जरा अदबीनं विचारतात, "सर, तुम्हाला ऑफर आली नाही का?" आली. एकदा नव्हे. दर वेळी काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन चहा मागवला. आज सरळ सांगतो. पटेलच असं नाही.

एमआर, म्हणजे औषध कंपनीचा बॅग घेऊन फिरणारा प्रतिनिधी, काय करतो हे तुम्हाला ठाऊक आहे, ते उगाळत बसत नाही. दिवसाला दहा-अकरा डॉक्टर, चार-पाच केमिस्ट, संध्याकाळी ॲपवर रिपोर्ट. ठाऊक नसतो तो महिन्याचा शेवटचा आठवडा. एबीएम होणं म्हणजे त्या आठवड्यात फोनच्या दुसऱ्या टोकाला जाणं. माझं सगळं घोडं तिथंच अडतं.

उदाहरणासाठी एखादा मार्च महिना घेऊ. आकडे हिशोबाला सोपे म्हणून गोल केलेत, गणित रोजचं आहे.

एचक्यूचं, म्हणजे एका एमआरच्या भागाचं, टार्गेट ६ लाख. २८ तारखेला प्रायमरी, म्हणजे कंपनीनं स्टॉकिस्टला, घाऊक माल घेणाऱ्या शेठला, केलेलं बिल, ४ लाख ४० हजार. खड्डा १ लाख ६० हजारांचा. वरून फोन येतो, "बघ, शेठला सांग, तेवढं घालून घे. सिरप टाक, सिरपला व्हॅल्यू आहे." आता खोकल्याच्या सिरपची एक बाटली धरा, एमआरपी १०५. सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवर ५ टक्के जीएसटी, तो काढला की १०० उरतात. किमतीवर सरकारी मर्यादा नसलेल्या औषधांत केमिस्टचे २० टक्के गेले, ८० राहिले. त्यावर स्टॉकिस्टचे १० टक्के गेले, ७२. खड्डा भरायला २,२०० बाटल्या लागतात : १ लाख ५८ हजार ४००. शंभराचं एक खोकं, म्हणजे २२ खोकी. भिवंडीच्या किंवा पुण्याच्या सीएफएकडून, म्हणजे कंपनीचा माल ठेवून पाठवणाऱ्या एजंटकडून, ती ट्रान्सपोर्टनं येतात आणि शेठच्या गोडाऊनमध्ये दारापासून छतापर्यंत लागतात. ३१ तारखेला ग्रुपवर टाळ्यांची चित्रं पडतात.

एप्रिलमध्ये सांगलीत कुणाला खोकला नसतो. शेठकडे आधीच्या ४०० बाटल्या आहेत, एकूण २,६००. एप्रिल-मे मिळून खपतात १२०. जूनला पाऊस, १५०. जुलै ते सप्टेंबर महिन्याला २५० धरा. ऑक्टोबर १५०, नोव्हेंबर ते जानेवारी २०० प्रमाणे, फेब्रुवारी-मार्च दीडशे-दीडशे. बेरीज करा : वर्षात २,०७०. म्हणजे वर्षभर एकही नवी बाटली घेतली नाही तरी पुढच्या मार्चअखेर ५३० पडून. बॅच मागच्या ऑक्टोबरची, मुदत २४ महिने. सहा महिन्यांपेक्षा कमी मुदत उरलेला माल केमिस्ट हातात धरत नाही. त्या ५३० बाटल्यांचं काय होणार हे २८ मार्चलाच पाटीवर लिहून दाखवता येतं. आणि 'नवी बाटली घेतली नाही तर' हे नुसतं म्हणायला. जूनमध्ये पावसाळी कॅम्पेन असतंच.

इथवर नुकसान डोळ्यांना दिसतं. खरं दुखणं वेगळ्याच औषधात निघतं. २९ मार्चचं बिल, उधारी २१ दिवसांची, चेक १९ एप्रिलला. माल हललेला नाही, मग शेठ पैसे कुठून भरणार? तो मेपर्यंत ढकलतो. थकबाकी आहे तोवर सीएफएच्या सिस्टीममधून पुढचं बिलच निघत नाही. त्याच शेठकडून रोज उठणारी अँटिबायोटिकची स्ट्रिप मेच्या पहिल्या आठवड्यात संपते. केमिस्टकडं चिठ्ठी येते, माल नसतो, तो डॉक्टरांना फोन करून दुसऱ्या कंपनीचं देतो. चार दिवस हे झालं की डॉक्टर म्हणतात, "तुमचं मिळत नाही हो," आणि पेनला दुसरं नाव बसतं. ते परत बसवायला सहा महिने लागतात, कधी बसतही नाही. मेचा रिव्ह्यू होतो तेव्हा प्रश्न येतो, अँटिबायोटिक का पडलं? मार्चमधल्या सिरपचं नाव त्या पत्रकात कुठंच नसतं. दोन्ही आकडे वेगवेगळ्या कागदांवर राहतात. त्यांची सांगड फक्त बाकावर बसलेल्या माणसाला दिसते.

त्यात स्कीम. कंपनीची लेखी स्कीम १० वर १, म्हणजे दहा बाटल्या घेतल्या की एक फुकट. माल हलेना म्हणून फोनवर सांगितलं जातं, "शेठला १० वर ३ सांग, मी बघतो." १,००० बाटल्या बिलावर गेल्या तर फुकटच्या ३००, त्यातल्या लेखी १००. उरलेल्या २०० गुणिले ७२, १४,४०० रुपये. हे पैसे फोनवरच्या आवाजावर उभे असतात. नव्या पोराचा अर्धा पगार. तो आवाज जूनमध्ये दुसऱ्या कंपनीत गेला की शेठ विचारतो कुणाला? जो दर आठवड्याला दारात येतो त्याला. "साहेब, माझी क्रेडिट नोट?" म्हणजे त्या फुकटच्या मालाची भरपाई. तुमचं तोंड बघण्यासारखं होतं. कित्येक पोरं हे पैसे खिशातून भरतात आणि घरी सांगत नाहीत. शेठ काही वाईट माणूस नसतो. त्यानं कंपनीला नाही, तुम्हाला हो म्हटलेलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, मग एबीएम होऊन हे बंद करायचं ना. मीही हेच म्हणायचो, तावातावानं. चांगली माणसं वर गेली की फोन बदलतील. आता तेवढ्या जोरात म्हणवत नाही. एबीएमखाली पाच-सहा एचक्यू असतात आणि त्याचं टार्गेट म्हणजे त्या सगळ्यांची बेरीज. त्यात एखादी जागा बहुतेक वेळा रिकामी. माणूस नसला तरी त्या जागेचं टार्गेट बेरजेत असतंच, ते बाकीच्यांवर वाटलं जातं. एबीएमला वरून येणारा फोन तोच, फक्त रक्कम सहापट. त्यानं तो पोटात घ्यायचा, नाहीतर खाली द्यायचा. पोटात घेणारे पाहिलेत. टिकलेलेही एक-दोन पाहिलेत, खोटं कशाला बोलू. पण त्यांच्याकडं एचक्यू जुनी आणि भरलेली होती. नवीन एबीएमला मिळतात ती उरलेली.

कायद्याचंही एक आहे, ते प्रमोशनचे पेढे वाटताना कुणी सांगत नाही. एमआरसाठी १९७६ चा सेल्स प्रमोशन एम्प्लॉईज कायदा होता. नेमणुकीचं पत्र ठरावीक नमुन्यात, कामाच्या अकरा दिवसांमागं एक भरपगारी रजा, वाद झाला तर औद्योगिक विवाद कायद्याची दारं उघडी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे सगळं नव्या श्रमसंहितांत गेलं, आणि औद्योगिक संबंध संहितेत 'कामगार' या शब्दात सेल्स प्रमोशनवाला आजही बसतो. व्यवस्थापकीय काम करणारा बसत नाही, आणि महिना १८ हजारांच्या वर पगार घेणारा पर्यवेक्षकही नाही. हुद्द्याच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम बघितलं जातं, त्यामुळे भांडायला जागा असते. पण भांडायची पाळी येते तेव्हा पगार बंद झालेला असतो.

ठीक, हे सगळं वकिली वाटत असेल तर उलट बाजूही कबूल करतो. एबीएमचा पगार जास्त. जतला जाऊन-येऊन दीडशेच्या वर किलोमीटर मोटरसायकल मारणं पन्नाशीला झेपत नाही, पाठ आधी बोलते मग गुडघे. आणि कंपन्यांना वय झालेला एमआर महाग वाटतो. तेवढ्या पगारात दोन नवी पोरं येतात. फील्डवर राहणं सुरक्षित आहे असं मी नव्या पोरांना सांगत असे. ते चूक होतं, निदान अर्धं. 'फील्डवर स्वातंत्र्य असतं' हेही म्हणत असे. डॉक्टरांच्या दारापासून ठरावीक अंतरातच कॉल नोंदवणारं ॲप आल्यावर ते वाक्य बंद केलं.

बाकी तुमचे प्रश्न. "२८ तारखेला नाही कसं म्हणायचं?" नुसतं नाही म्हणायचंच नाही, टिकत नाही. २० तारखेलाच स्टॉकिस्टकडं बसून क्लोजिंग, म्हणजे उरलेला साठा, काढायचं, नगांत नव्हे, दिवसांत. आजचा साठा भागिले गेल्या तीन महिन्यांची सरासरी सेकंडरी, म्हणजे स्टॉकिस्टनं केमिस्टला विकलेला माल, गुणिले ३०. ४५ दिवसांवर गेलेली प्रत्येक वस्तू लाल. बॅच आणि मुदत शेजारी. तो कागद २१ तारखेला मेलवर, त्याखाली दुसरी यादी : कुठली वस्तू १५ दिवसांखाली आली आहे आणि किती लाखांची ऑर्डर आत्ता खरी निघू शकते. फोन तरीही येतोच. पण मग तुमच्याकडं १ लाख ६० हजारांना नकार नसतो, ७० हजारांची बरी ऑर्डर असते. आणि फोनवर स्कीम ठरली की दहा मिनिटांत मेसेज टाकायचा : "आपल्या बोलण्याप्रमाणे अमुक वस्तूला १० वर ३, अमुक तारखेपर्यंत, शेठला कळवतो." उत्तर आलं नाही तर शेठला कळवायचं नाही. क्लेम, म्हणजे स्कीमच्या पैशांची कंपनीकडं मागणी, पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, बॅचवार, स्टॉकिस्टच्या शिक्क्यासह. उशीर झालेला क्लेम कुणी नाकारत नाही. तो नुसता 'प्रोसेसमध्ये' राहतो.

"डॉक्टर लिहितात म्हणतात, पण सेल दिसत नाही." मिरजेत हे ठरलेलं दुखणं आहे. वानलेस साहेबांनी १८९४ साली तिथं हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून कर्नाटकातला पेशंट मिरजेला येतो. चिठ्ठी मिरजेची, पण पुढच्या महिन्याची औषधं तो अथणीत नाहीतर कागवाडला घेतो. तिथला केमिस्ट बेळगावच्या स्टॉकिस्टकडून उचलतो. मेहनत तुमची, सेल दुसऱ्या राज्यातल्या एचक्यूचा. ताप-खोकल्याच्या पाच दिवसांच्या औषधात हे कमी, बीपी-शुगरच्या महिनाभराच्या औषधात फार. म्हणून आरसीपीए, म्हणजे केमिस्टकडची चौकशी, डॉक्टरांच्या खालच्या दुकानात करायची आणि दुपारी तीन-चारला. संध्याकाळी सातला गेलात तर तो काहीही आकडा सांगून तुम्हाला वाटेला लावतो. "माझं किती जातं" असं विचारू नका, तुमचं मन राखायला तो वाढवून सांगेल. "शेवटचं कधी मागवलं, किती मागवलं" विचारा आणि बिल बघा. शेल्फवर पुढं कुठली स्ट्रिप आहे तेही बघा. हात जिथं आधी जातो ते खपतं.

"डॉक्टरांना काही द्यावं लागतं का?" औषधांच्या प्रचारासाठीच्या मार्च २०२४ च्या यूसीपीएमपी संहितेत भेटवस्तू आणि सहली बंद आहेत. नावाची आठवण राहावी म्हणून देतात त्या वस्तूला १,००० रुपयांची मर्यादा, आणि एका औषधाची सॅम्पल पाकिटं एका डॉक्टरांना वर्षात बारापेक्षा जास्त नाहीत. कागदावर हे आहे. पुढचं बाकावर बसून बोलू.

"कंपनी बदलू का?" बदला, पण पगाराचा आकडा ऐकून लगेच नको. त्या एचक्यूचा बारा महिन्यांचा प्रायमरी आणि सेकंडरी वेगवेगळा मागा. दोन्हींत दरमहा फरक दिसला तर तो फरक गोडाऊनमध्ये आहे आणि तो तुम्हाला वारशानं मिळणार. जागा किती महिने रिकामी आहे, आधीचा का गेला, स्टॉकिस्टचे किती क्लेम अडकलेत, हे मुलाखतीत विचारण्यापेक्षा थेट स्टॉकिस्टच्या काउंटरवर विचारा. शेठ अर्ध्या तासात सगळं सांगतो, चहाही पाजतो. इन्सेंटिव्ह तिमाही आहे की मासिक, शंभर टक्क्यांखाली शून्य आहे का, आणि परत आलेला माल त्यातून वजा होतो का, हे लेखी घ्या. आणि सोडताना जुन्या स्टॉकिस्टकडून 'देणं नाही' असं पत्र घेतल्याशिवाय बॅग जमा करू नका. नाहीतर फुल अँड फायनल, म्हणजे पगाराचा शेवटचा हिशोब, तिथं अडकतं.

आणि एबीएमचं? पुन्हा विचारणा झाली तर काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पाठ एक सांगते, तो क्लोजिंगचा कागद दुसरं. विचारतीलच तर सहाही एचक्यूंचं क्लोजिंग मागेन, बॅच आणि मुदतीसह, आणि अडकलेल्या क्लेमची यादी. ते हातात पडलं तर पुढचं बोलू.