‘पेशंटसोबत कोण आहे?’

फेब्रुवारी २०२२ मध्ये पुण्यात बाबांच्या छातीत दुखू लागले आणि शेजारच्यांनी त्यांना रात्री रुग्णालयात नेले, तेव्हा स्ट्रेचर आत जाण्यापूर्वी तेथील कर्मचाऱ्याने विचारलेला पहिला प्रश्न होता, “पेशंटसोबत कोण आहे?” पुढच्या वर्षी स्टुटगार्टमध्ये पोटात असह्य कळा येत असताना मी स्वतः रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात पोहोचले, तेव्हा खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारले, “आरोग्य विम्याचे कार्ड आहे का?” माझ्यासोबत कोण आहे, हे मला घरी परतेपर्यंत कोणीही विचारले नाही. इंग्लंडमध्ये चार वर्षे आणि जर्मनीत सहा वर्षे काढल्यानंतर, “कोणत्या देशातली आरोग्यसेवा चांगली?” असे कोणी विचारले की मला हे दोन प्रश्नच आठवतात. डॉक्टरांचे कौशल्य तिन्ही देशांत पाहिले आणि त्यात फारसे डावे-उजवे करावे असे मला वाटले नाही. फरक आहे तो आजारपण कोणाच्या अंगावर पडते यात.

बाबांच्या वेळचे आधी सांगते. निदान होऊन अँजिओप्लास्टी सुरू होईपर्यंत जेमतेम तासभर गेला, आणि या वेगाला नावे ठेवण्याजोगे काहीही नाही. परंतु त्या तासाभरात माझा मावसभाऊ डिपॉझिट भरण्यासाठी दोन कार्डे आणि मित्राकडून मागवलेले पैसे जुळवत होता. पुढचे चार दिवस तो टीपीएच्या, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या, खिडकीपासून तळमजल्यावरच्या मेडिकलपर्यंत आणि तेथून पुन्हा वरच्या मजल्यापर्यंत औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन फिरत होता. रात्री अतिदक्षता विभागाबाहेरच्या खुर्चीवर काका बसून असत, कारण ‘नातेवाईक हजर हवेत’ असा तिथला नियम होता. घरी सोडण्याची परवानगी डॉक्टरांनी सकाळी दहाला दिली आणि विमा कंपनीची मंजुरी संध्याकाळी सहा वाजता आली. तोपर्यंत बाबा बाहेरचे कपडे घालून, चपला पायात सरकवून, पलंगाच्या कडेवर बसून होते. स्टेंटच्या किमतीवर केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये मर्यादा घातली, हे खरेच मोठे काम झाले. बिलात मात्र स्टेंट ही एकच ओळ असते आणि तिच्या वर-खाली आणखी दोन पाने असतात.

भारतात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चापैकी लोक थेट स्वतःच्या खिशातून भरतात तो वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्क्यांच्या वर होता. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार तो ३९.४ टक्क्यांवर आला आहे. सुधारणा मोठी आहे, पण या आकड्यात मावसभावाने घेतलेली चार दिवसांची बिनपगारी रजा किंवा खुर्चीवर अवघडलेली काकांची पाठ धरलेली नसते.

इंग्लंडचा अनुभव याच्या अगदी उलट टोकाचा होता. ५ जुलै १९४८ रोजी आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांच्या पुढाकाराने सुरू झालेली तिथली सरकारी आरोग्यसेवा करांतून चालते, त्यामुळे रुग्ण आणि डॉक्टर यांच्या मधे पैशांची खिडकीच नसते. लेस्टरमध्ये माझ्या नवऱ्याचे हर्नियाचे ऑपरेशन झाले, तेव्हा निघताना सवयीने आम्ही “बिलिंग कुठे आहे?” असे विचारले. परिचारिकेला प्रश्नच कळला नाही. तिने आम्हाला पार्किंगचे पैसे भरण्याचे यंत्र दाखवले. आम्ही अर्थात अगदी फुकटे नव्हतो. पगारातून कर जात होताच, शिवाय व्हिसासोबत परदेशी रहिवाशांना आरोग्य अधिभार भरावा लागतो. तो आमच्या वेळी माणशी वर्षाला २०० पौंड होता आणि फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढांसाठी १,०३५ पौंड झाला आहे. तिकडे जाण्याच्या तयारीत असलेल्यांनी हा अधिभार कुटुंबातल्या प्रत्येकासाठी आणि व्हिसाच्या पूर्ण मुदतीसाठी आधीच मोजून ठेवावा. या व्यवस्थेची किंमत पैशांऐवजी वेळेत मोजावी लागते. तातडीच्या नसलेल्या उपचारांसाठी १८ आठवड्यांचे उद्दिष्ट कागदावर आहे, पण सप्टेंबर २०२३ मध्ये इंग्लंडमधील प्रतीक्षायादी सुमारे ७७ लाखांवर गेली होती. गुडघा किंवा मोतीबिंदू यासारख्या दुखण्यांनी माणूस मरत नाही म्हणून तो रांगेत मागे जातो, आणि त्या काळात त्याचे जगणे मात्र घराच्या जिन्यापाशी अडून राहते.

जर्मनीत आल्यावर मला वाटले होते की हा देश या दोहोंच्या मधला असेल. तो मधला नाही, वेगळ्याच घडणीचा आहे. चान्सेलर बिस्मार्कच्या काळात, १८८३ मध्ये, कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला आणि आजची व्यवस्था त्याच पायावर उभी आहे. सगळे दवाखाने सरकार चालवत नाही, पण विमा सक्तीचा आहे. दहातले जवळपास नऊ लोक ‘क्रांकेनकासे’ म्हणजे सार्वजनिक आरोग्य विमा निधीत असतात. पगाराच्या १४.६ टक्के आणि त्यावर निधीनिहाय थोडा अधिभार इतका हप्ता असतो, त्यातला निम्मा मालक भरतो. कमी कमावणाऱ्याचा हप्ता कमी, जास्त कमावणाऱ्याचा ठरलेल्या मर्यादेपर्यंत जास्त, आणि उपचार मात्र दोघांना सारखेच. वय किंवा जुना आजार पाहून हप्ता ठरत नाही. मिळकत नसलेला जोडीदार आणि मुले त्याच हप्त्यात येतात. आईवडील येत नाहीत, आणि ही गोष्ट इथल्या प्रत्येक मराठी घरात कधी ना कधी अडते.

माझ्या आजाराची सुरुवात एका भाषांतराच्या चुकीने झाली. २०२३ च्या उन्हाळ्यात जेवणानंतर छातीखाली जळजळ होई आणि मी आईला फोनवर “पित्त झालंय गं” असे सांगत असे. आईही आमसुलाचे सार प्यायला सांगून मोकळी होई. डॉक्टरीणबाईंकडे गेले, तेव्हा ‘पित्त’ या शब्दाला कोशात ‘गाल्ले’ असा जर्मन प्रतिशब्द सापडला आणि तोच मी बेधडक वापरला. आपले पित्त म्हणजे आंबट ढेकर, डोकेदुखी, उन्हात फिरल्याने उठलेल्या गांधी असे काहीही असू शकते. जर्मन माणसाच्या दृष्टीने ‘गाल्ले’ म्हणजे पित्ताशय. बाईंनी भुवया उंचावल्या, मला तिथेच आडवे करून सोनोग्राफी केली आणि पडद्यावरचे तीन खडे मला दाखवले. शब्द चुकला नसता तर मी आणखी दोन महिने आमसुलाचे सारच पीत बसले असते.

भाषेचा हा मुद्दा परदेशातल्या आरोग्याविषयी बोलताना क्वचितच निघतो आणि माझ्या मते तो विम्याइतकाच महत्त्वाचा आहे. मला इथल्या कार्यालयात जर्मन भाषेत सादरीकरण करता येते; पण दुखणे सांगायची वेळ आली की मराठीतले ठणकणे, ठसठसणे, कळ येणे, चमक भरणे, रग लागणे, कसकसणे हे सगळे शब्द एकदम ओठांवर येतात आणि त्यांच्या जोडीला जर्मन भाषेतले टोचणारे, दाबणारे, ओढणारे आणि जळणारे असे मोजून चार प्रकार हाताशी उरतात. मोठ्या माणसाला हे कसेबसे जमते. तीन महिन्यांसाठी आलेल्या सासूबाईंना कंबरेत उसण भरली, तेव्हा ‘उसण’ आणि ‘भरणे’ या दोन्हींचा अर्थ सांगताना मी डॉक्टरांसमोर वाकून, कण्हून, अक्षरशः अभिनय करून दाखवला.

खडे सापडले तरी शल्यविशारदांची भेट सात आठवड्यांनंतरची मिळाली. तज्ज्ञांकडे अशी वाट पाहणे हे इथले नेहमीचे गाऱ्हाणे आहे, आणि ज्यांचा खासगी विमा आहे त्यांना वेळ लवकर मिळते, हे उघड गुपित आहे. समतेच्या गोष्टी करणाऱ्या व्यवस्थेतली ही फट मला इंग्लंडमधल्या लांब रांगेपेक्षा जास्त खुपते. पुण्यात मी त्याच संध्याकाळी दोन सर्जनना भेटून आले असते आणि रक्त काढायला सकाळी साडेसातला माणूस दारात आला असता. त्यासाठी पैसे मोजावे लागले असते हे खरे, पण ते मोजू शकणाऱ्याला तिथे जी सोय मिळते, ती मला या दोन्ही देशांत मिळालेली नाही.

सात आठवडे पूर्ण होण्याआधीच, नोव्हेंबरमधल्या एका रविवारी, कळा सुरू झाल्या. ११६११७ या क्रमांकावर फोन केला. दवाखाने बंद असतानाच्या वेळेसाठी हा देशभर एकच क्रमांक आहे, आणि जीवावरचा प्रसंग असेल तर ११२. त्यांनी तातडीच्या विभागात जायला सांगितले. तिथे चार तास बसले, कारण येण्याच्या क्रमाने नव्हे तर आजाराच्या गांभीर्याने आत घेतात आणि माझ्यानंतर आलेले दोघे माझ्यापेक्षा गंभीर होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑपरेशन झाले. घरून टॉवेल, रात्रीचे कपडे आणि सपाता आणायच्या असतात हे मला ठाऊक नव्हते. नवऱ्याने ते संध्याकाळी आणून दिले, आणि घरी लहान मुलगी असल्याने तो तासाभरात परत गेला. साडेपाच वाजता रात्रीचे जेवण आले. ट्रेमध्ये पावाचे दोन काप, चीजची एक चकती, लोण्याची छोटी डबी आणि पुदिन्याचा कोमट चहा होता. त्या वेळी मला मऊ भात आणि मेतकुटाची आठवण आली नाही असे म्हटले तर ते खोटे ठरेल. रात्री मी दोनदा घंटा वाजवली आणि दोन्ही वेळा परिचारिका आली, तिने उशी सरळ केली, सलाईन पाहिले आणि न बोलता गेली. औषध आणायला कोणी खाली गेले नाही. कोणी कोणाला फोन करून पैसे मागितले नाहीत. शेजारच्या पलंगावर ऐंशीच्या पुढच्या एक आजी होत्या. पाच दिवसांत त्यांना भेटायला एकच माणूस आला आणि तोही रुग्णालयाच्या चर्चमधला स्वयंसेवक होता.

तीन आठवड्यांनी टपालाने बिल आले: दिवसाला १० युरो याप्रमाणे पाच दिवसांचे ५० युरो. ही आकारणी वर्षात जास्तीत जास्त २८ दिवसांपुरतीच होते.

याहून मोठी गोष्ट माझ्या पगारपत्रकावर दिसली, किंवा खरे तर दिसली नाही. मी तीन आठवडे घरी होते आणि पगारातला एक युरोही कमी झाला नाही. आजारपणात पहिले सहा आठवडे मालकाने पूर्ण पगार द्यायचा आणि त्यानंतर विमा निधीने साधारण ७० टक्के द्यायचे, असा इथला कायदा आहे. डॉक्टरांचे प्रमाणपत्र २०२३ पासून संगणकावरूनच मालकापर्यंत जाते. ‘पिवळी चिठ्ठी’ हे त्या कागदी प्रमाणपत्राचे नाव तेवढे बोलण्यात उरले आहे. इंग्लंडमध्ये आम्ही होतो तेव्हा कायद्याने मिळणारा आजारभत्ता चौथ्या दिवसापासून सुरू होई आणि आठवड्याला शंभर पौंडांच्याही आत असे. आपल्याकडे दुखणे ‘अंगावर काढणे’ असा वाक्प्रचार आहे आणि मी लहानपणापासून तो कौतुकाने वापरलेला ऐकला आहे: तिने ताप अंगावर काढला, पण घरातली कामे थांबू दिली नाहीत. शिंकत कार्यालयात गेले, तेव्हा इथल्या सहकाऱ्याने मला अंतर राखून, गंभीरपणे घरी जायला सांगितले. त्यात कौतुकाचा लवलेश नव्हता.

जर्मनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १२ टक्के आरोग्यावर खर्च करतो, तरी इथले सरासरी आयुर्मान ८१ वर्षांच्या आसपास आहे. त्याहून कमी खर्च करणाऱ्या स्पेन आणि इटलीत ते ८३ च्या पुढे जाते. रुग्णालयातल्या त्या आजींकडे पाहिल्यावर मला त्यामागे एकटेपणाचे कारण दिसल्यासारखे वाटले, पण हा माझा तर्क आहे.

बाबा आता ७४ वर्षांचे आहेत. त्यांना इकडे आणावे का, या प्रश्नावर आम्ही अनेकदा बोललो. पाहुणे म्हणून येताना ३०,००० युरोंचा प्रवासी विमा लागतो, आणि आधीपासूनचे आजार बहुतेक पॉलिसींमध्ये वगळलेले असतात. म्हणजे ज्या हृदयाची काळजी, नेमके तेच बाहेर. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सर्वांना आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण मिळाले आहे, उत्पन्नाची अट न ठेवता. गेल्या दिवाळीत गेले, तेव्हा त्यांचे ते कार्ड काढून घेतले. त्यात दरमहाच्या गोळ्या येत नाहीत आणि आम्ही नेहमी जातो ते रुग्णालयही नाही, म्हणून जुनी पॉलिसीही चालू ठेवली.

निघण्याच्या आदल्या दिवशी सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावले. मुखपृष्ठावर रक्तगट, गोळ्यांची नावे आणि तीन फोन नंबर ठळक अक्षरांत लिहिले आणि फाइल घराच्या किल्लीसह शेजारच्या काकूंकडे दिली. पहिला नंबर मावसभावाचा आहे, दुसरा काकांचा, आणि माझा तिसरा.