काळी वाळू आणि मळी

गेल्या मे महिन्यात साठी उलटलेले एक गृहस्थ कराडच्या आमच्या भूशास्त्र विभागात आले. सगळी नोकरी साखर कारखान्यात पॅनमन म्हणून, म्हणजे रस आटवून साखरेचा दाणा धरवण्यात झालेली. पिशवीतून त्यांनी स्टीलचा डबा काढला. आत कृष्णाकाठची काळी वाळू. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक वर धरलं, तशी वाळू मिशांसारखी ताठ उभी राहिली.

"सर, ह्यात रेअर अर्थ हाय म्हणत्यात. तपासणीला पन्नास हजार मागितल्यात. पोरगं उद्या भरतंय."

माझ्या पोटात गोळाच आला. वाळू भिंगाखाली घेतली. आपल्या काळ्या पाषाणातून झिजून आलेलं मॅग्नेटाइट, लोखंडाचं खनिज. विजेवरच्या गाड्यांच्या चुंबकांत निओडिमियम हे रेअर अर्थ मूलद्रव्य असतं हे खरं, पण ती ताकद लोखंड आणि बोरॉनच्या संगतीतून येते. त्याची खनिजं चुंबकावर अशी झेपावत नाहीत.

नुसतं नाही म्हणून पाठवणं जिवावर आलं. त्यांना बसवून घेतलं. सांगितलं, रेअर अर्थ म्हणजे 17 मूलद्रव्यं, ती तशी सगळीकडं आहेत. सिरियम तर भूकवचात जवळपास तांब्याइतकं. अडतं ते एका जागी साठण्यात. त्यांचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, मोठे. नेहमीच्या खनिजांच्या स्फटिकांत ते नीट बसत नाहीत, मग शिलारस थिजताना मागं उरलेल्या रसात गोळा होतात.

"म्हंजी मळी," काका एकदम म्हणाले. "साखरेनं दाणा धरला की दाण्यात जे बसत न्हाई, ते मळीत जातं."

इतकी वर्षं शिकवतोय, इतकं नेमकं मी कधी सांगितलं नव्हतं.

मग पुढचं सोपं झालं. आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. भूकवचाखालचा थर, म्हणजे प्रावरण, भरपूर वितळून झालेला, त्यामुळं ही मूलद्रव्यं त्यात पातळ होऊन गेली. टनामागं ग्रॅममध्ये मोजावी लागतात. साधारण त्याच काळात गुजरातेत, छोटा उदेपूरकडच्या आंबा डोंगरला, कार्बन डायऑक्साइडनं भारलेला वेगळाच शिलारस वर आला. असा रस खोलवर अगदी थोडं वितळण्यातून सुरू होतो, म्हणून ही मूलद्रव्यं त्यात दाटलेली. त्याचा खडक म्हणजे कार्बोनेटाइट. चीनमधला बायान ओबोचा प्रचंड साठाही असल्याच खडकाशी जोडलेला आहे.

अभ्याससहलीत आणलेला आंबा डोंगरचा तुकडा कपाटातून काढला आणि त्यावर पातळ आम्लाचा थेंब टाकला. दगड चुनखडीसारखा फसफसला. काका खुर्चीतून उठून वाकले.

"आगीतनं आलाय, आन् चुन्यावानी फेसाळतोय?"

त्यांनी पोराला फोन लावला. "पैसे भरू नगंस," एवढंच बोलले, फोन खिशात टाकला आणि पुन्हा दगडाकडं वळले.

"अजून एक थेंब टाका की, सर."