तुम्ही विचारलंत म्हणून: नवीन मॅनेजरने आधी काय शिकायचं

"मॅडम, मला टीम लीडर केलंय, लीडरशिप कशी शिकू? एखादा कोर्स लावू का?" हा प्रश्न मला सारखा येतो, आमच्याच कंपनीतल्या ज्युनिअर मुलांकडून, भाच्याच्या हिंजवडीतल्या आयटीवाल्या मित्रांकडून, आणि हल्ली तर सोसायटीतल्या दोघातिघांनी लिफ्टमध्ये गाठून विचारलंय. मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत प्रॉडक्शन बघते, शिफ्ट इंजिनिअर म्हणून लागले आणि आता तिन्ही शिफ्ट माझ्याकडे आहेत, त्यामुळे उत्तर शॉपफ्लोअरवरचंच देणार, पण लॅपटॉपवर काम करणाऱ्यांनाही ते तितकंच लागू पडतं असं मला मनापासून वाटतं.

माझं उत्तर असं की आधी एकच गोष्ट जमवा, वाईट बातमी तुमच्यापर्यंत लवकर आली पाहिजे. भाषण जमणं, प्रेझेंटेशन जमणं, मीटिंग चालवणं हे सगळं मागाहून येतं हो.

का म्हणते ते सांगते. समजा थर्ड शिफ्टला, म्हणजे रात्रपाळीला, सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनवर) ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या जागेचा आकडा, चुकीचा पडला आणि बोअर, म्हणजे पार्टमधलं भोक, ओव्हरसाइझ गेला. अंडरसाइझ असता तर परत मशिनवर चढवून काढता आला असता, ओव्हरसाइझ म्हणजे सरळ स्क्रॅप. ऑपरेटरला तपासताना ते कळलं. आता तो पुढच्या दहा मिनिटांत काय करतो हे गेल्या वेळी त्याच्या साहेबाने काय केलं होतं त्यावर ठरतं. तेव्हा शिव्या पडल्या असतील, सगळ्यांसमोर उभं केलं असेल, तर तो गुपचूप ऑफसेट सुधारेल आणि पुढचे पार्ट नीट काढेल, पण आधीचे चुकीचे चांगल्यांच्या बिनमध्येच राहतील, सकाळी गाडीत भरले जातील, आणि मग कस्टमरच्या असेंब्ली लाइनवर ते सापडले की लाइन थांबल्याची डेबिट नोट, म्हणजे नुकसान आपल्याकडून वसूल करणारा कागद, येते, आपली माणसं तिकडे जाऊन दोन दोन दिवस सॉर्टिंग करत बसतात. तोच ऑपरेटर लगेच आला असता तर बाद मालाच्या लाल बिनमध्ये थोडा माल, एक रिपोर्ट, विषय संपला.

म्हणून कोणी अशी बातमी घेऊन आलं की तुमचा पहिला प्रश्न काय असतो याकडे लक्ष द्या. "कुणी केलं?" हा पहिला प्रश्न असेल तर पुढच्या वेळी कोणी येणार नाही. "माल कुठवर गेलाय?" हा पहिला प्रश्न पाहिजे. मग "शेवटचा ओके पीस कुठला?", मग "का झालं?" आणि कुणी केलं ते आपोआप कळतंच, त्यासाठी आवाज चढवावा लागत नाही. आणि जो सांगायला आला त्याला तिथल्या तिथे, बाकीच्यांना ऐकू जाईल असं म्हणा, बरं झालं लगेच सांगितलंस. हे एवढं वाक्य नव्या मॅनेजरच्या तोंडून निघत नाही, कारण त्याच्या डोक्यात वरच्यांना काय उत्तर द्यायचं ते चालू असतं. मला कळतं ते, पण ते तुमचं टेन्शन आहे, त्या मुलाच्या अंगावर टाकू नका.

हे फक्त माझं मत नाही. हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांनी हॉस्पिटलमधल्या टीम्समध्ये औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला, १९९६ साली तो छापून आला. अपेक्षा अशी की चांगल्या टीममध्ये चुका कमी असणार, पण आकडे उलटे आले, चांगल्या टीम्समध्ये चुकांची नोंद जास्त! नीट पाहिल्यावर असं दिसलं की तिथे लोक चुका मोकळेपणाने बोलत होते, बाकीकडे लपवत होते. नंतर १९९९ मध्ये त्यांनी एका कारखानदार कंपनीतल्या ५१ टीम्सवर काम करून हाच मुद्दा पुढे नेला. टोयोटाच्या अँडन दोरीमागेही हेच आहे, गडबड दिसली की लाइनवरचा साधा कामगार दोरी ओढतो, टीम लीडर धावत येतो, वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबते. दोरी कुणालाही बसवता येते, ती ओढणाऱ्यावर कोणी डाफरत नाही ना, तिथेच खरं काम आहे.

मग सुरुवात कुठून करायची? पहिल्या दोन-तीन आठवड्यांत टीममधल्या प्रत्येकाबरोबर अर्धा तास बसा, एकट्याशी, केबिनमध्ये नाही, चहाला नेलंत तरी चालेल. विचारा की काम करताना सगळ्यात जास्त काय अडतं. मोठी उत्तरं येत नाहीत, माप तपासायचा गेज एकच आहे आणि तो दुसऱ्या लाइनवर असतो, पंखा बंद आहे, पुणे-नाशिक रोडच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकते आणि लेट मार्क आम्हाला लागतो, असलंच काहीतरी. त्यातली एक तरी गोष्ट त्या महिन्यात सोडवून दाखवा. नाही जमली तर परत जाऊन सांगा की नाही जमली आणि का नाही. परत जाऊन सांगणं फार लोक टाळतात, आणि माझ्या मते विश्वास बसतो तो तिथेच.

कालपर्यंत बरोबर डबा खाणारे आज तुमच्या हाताखाली आले, त्याचं काय, हेही बरेच जण विचारतात. डबा बरोबरच खा, अरे-तुरे चालू राहू दे, पण सुट्टी, ओव्हरटाइम आणि अप्रेजल या तीन बाबतीत मित्राला वेगळा नियम नको, आणि हे त्याला आधीच तोंडावर सांगा. वयाने मोठ्या ऑपरेटरला काका म्हणा, अहो म्हणा, आणि सेफ्टी गॉगल नसेल तर तेवढ्याच आदराने पण लगेच थांबवा.

काम वाटून देण्याबद्दल थोडंच सांगते. जो चांगला ऑपरेटर होता म्हणून सुपरवायझर झाला त्याचे हात मशिनकडे जातातच, स्वतः केलं की लवकर होतं ना! पण मग बाकीचे तुमची वाट बघत उभे राहतात. नव्या ट्रेनीला एकेक स्टेप दाखवावी लागते, वीस वर्षं काम केलेल्याला काय पाहिजे आणि कधीपर्यंत एवढंच सांगून बाजूला व्हावं लागतं, दोघांना एकाच मापाने वागवलं की दोघंही वैतागतात.

कोर्स जरूर करा. आपल्याकडे पुण्यात १९३४ पासूनची मराठा चेंबर ही उद्योग-व्यापाऱ्यांची संस्था आहे, त्यांचे ट्रेनिंग प्रोग्राम असतात, कंपनी पैसे देत असेल तर नक्की जा. पण परत आल्यावर महिन्यातून एकदा तरी थर्ड शिफ्टला जा, छापा टाकायला नाही, कारण रात्रीच्या माणसांना मॅनेजर दिसतो तो फक्त काही बिघडल्यावर. आणि तिथे कंत्राटी मुलांशी मुद्दाम बोला, कुणी मराठवाड्यातून आलेलं असतं, कुणी बिहार-ओडिशातून, पर्मनंटवाल्यांसमोर ती तोंड उघडत नाहीत, नोकरी जाईल याची भीती सगळ्यात जास्त त्यांनाच असते आणि मशिनजवळ सगळ्यात जास्त वेळ तीच उभी असतात.